आक्काच्या घराभोवतीची तीस पावलं

नव्याने राहायला आलेली माणसं पट्टेकाकांना कुठल्यातरी कचेरीतले निवृत्त शिपाई समजत. एकाने तर त्यांना रस्त्यात गाठून साहेब कधी भेटतील म्हणून विचारलंही होतं. काकांनी उभ्या जन्मात कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसून पाहिलं नव्हतं. बसायला मिळालं असतं तर त्यांनी नको म्हटलं नसतं, ही गोष्ट वेगळी. त्यांचा धंदा गवताचा. उतारावर विखुरलेली पन्नास-साठ घरं, मधे मधे ओसाड जागा, आणि पाऊस सरला की या सगळ्यावर कमरेएवढं गवत. ते वाळलं की एक ठिणगी पुरते. म्हणून काका मागेल त्याच्या घराभोवती तीस पावलांचा पट्टा साफ करून द्यायचे. सरकारी कागदावर त्याला जाळरेषा म्हणतात. पण जाळरेषा म्हटलं की लोक घाबरून काडेपेटी लपवायला लागतात, म्हणून काका नुसतं पट्टा म्हणायचे, आणि लोक त्यांना पट्टेकाका.

वय त्रेसष्ट. उजवा खांदा मशीनच्या पट्ट्याने कायमचा खाली उतरलेला, गुडघे चढ चढताना कुरकुर करायचे आणि उतरताना भांडायचे. गवत कापायचं मशीन दोन-तीन तास चालवलं की पुढचा तासभर हात आपोआप थरथरत राहायचे. त्या वेळात कुणी चहा दिला तर काका कप दोन्ही हातांनी धरायचे, तरी बशीत सांडायचाच. "सवय झाली," असं ते सांगायचे. दमलेल्या माणसाला दुसरं काय सांगता येतं?

कामाचा त्यांचा एक नियम होता आणि तो मोडायला ते देवासाठीही तयार नव्हते. गवतावर दव आहे तोवरच मशीन चालवायचं. दव वाळलं की मशीन बंद, मग कितीही काम उरो. कारण पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते, आणि वाळक्या गवतात ती विझायची वाट बघत नाही. पलीकडच्या गावात एका शहाण्याने भर दुपारी दोन वाजता पट्टा मारायला घेतला होता. आग लागू नये म्हणून गेला आणि स्वतःच लावून आला. त्यानंतर बरेच दिवस तो लोकांना तोंड दाखवत नव्हता.

बाकीची कामं कोयता, करवत आणि दाताळं घेऊन दुपारीही चालायची. झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर हात पोचेल इथपर्यंत छाटायच्या, कारण आग झाडावर उडी मारत नाही, फांद्या धरून चढते. छपराच्या पन्हळीतला पालापाचोळा काढायचा. भिंतीला टेकून रचलेली लाकडं लांब न्यायची. या शेवटच्या गोष्टीवरून प्रत्येक घरी वाद. माणसं अंगणातलं झाड तोडू देतील, पण हाताशी ठेवलेलं सरपण हलवायचं म्हटलं की त्यांचा जीव वरखाली होतो. "आग काय पत्ता विचारत येते का आमच्याकडे?" असं एकीने विचारलं होतं. "पत्ता नाही विचारत, वहिनी. वाट बघते कुठून मिळते ती," काका म्हणाले होते, आणि लाकडं उचलायला लागले होते.

काकांच्या स्वतःच्या घरापुढे मात्र गवत पायरीला लागलेलं असायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांची बायको दर वर्षी त्या गवतात उभी राहून म्हणायची, "अहो, गावभर लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर आपल्याकडेही बघा जरा." मग एखाद्या रविवारी काका कण्हत कुथत तेवढं उरकायचे.

आक्का ही त्यांची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा काका पाच वर्षांचे होते. त्यांना न्हाऊ-माखू घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. त्यामुळे त्रेसष्टाव्या वर्षीही तिच्यासमोर काकांचा आवाज अर्ध्यावर यायचा. तिचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. उताराच्या अगदी माथ्यावर, शेवटच्या घरात ती एकटी राहायची. मुलगा शहरात चौथ्या मजल्यावर. तो कधीपासून ये म्हणत होता आणि ती कधीपासून बघू म्हणत होती.

गेल्या उन्हाळ्यात समोरचा उतार पेटला. तीन घरं गेली. माणसं वाचली, पण एका घरातल्या म्हातारबाबांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढावं लागलं. हे ऐकून भाचा दुसऱ्याच दिवशी आला आणि त्याने आईची पिशवी भरायला घेतली. आक्काने ती भरू दिली, आणि भरून झाल्यावर एकेक वस्तू काढून परत जागेवर ठेवली.

"मला चौथ्या मजल्यावर मरायचं नाही," ती म्हणाली. "इथे माझ्या घरात मरायचंय."

"जळून?" भाचा म्हणाला. चांगला मुलगा, पण घाबरला की त्याची जीभ सुटायची.

शेवटी तडजोड झाली ती अशी. पुढच्या उन्हाळ्याच्या आत घर पूर्ण सुरक्षित झालं तर आक्का तिथे राहील. नाहीतर मुकाट्याने शहरात जाईल. भाचा काकांकडे वळून म्हणाला, "मामा, तू जबाबदारी घेतोस का?" काका हो म्हणाले. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. आक्का त्यांच्याकडेच बघत होती.

पाऊस संपला, थंडी पडली, गवत पिवळं झालं, आणि काका कोयता घेऊन बहिणीच्या दारात उभे राहिले. वाटाघाटी चार दिवस चालल्या. दोन देशांमध्ये तह होतो तेव्हाही इतका वेळ लागत नसेल.

"कुंपणाला हात लावायचा नाही," पहिल्या दिवशी आक्का म्हणाली.

"अगं, ते नुसतं वरून हिरवं आहे. आत सगळ्या काटक्या. हात घालून बघ."

"मी कशाला हात घालू? तीस वर्षांत साप निघाला नाही, आता तू काढशील."

तरी कुंपण गेलं. दुसऱ्या दिवशी झाडांच्या खालच्या फांद्या गेल्या. आक्का खिडकीत बसून मोजत होती, आणि ठरल्यापेक्षा एक जास्त गेली म्हणून संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पन्हळीतून तीन घमेली पाला निघाला, आणि त्यात नातवाचा हरवलेला चेंडू. चौथ्या दिवशी काका स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी आले. तिथे छपराखाली सरपण रचलेलं होतं, दारातून हात लांब केला की मिळेल असं. आक्काच्या यजमानांनीच ती जागा करून दिली होती.

घरात गॅस होता. भाच्यानेच आणून दिलेला. पण आंघोळीचं पाणी आक्काला चुलीवरच लागायचं. गॅसवरचं पाणी नुसतं गरम असतं, त्याने हाडं शेकत नाहीत, असं तिचं मत होतं, आणि तिच्या हाडांबद्दल वाद कोण घालणार?

"हे तीस पावलांच्या बाहेर जाणार," काका म्हणाले.

"आणि मी रोज तीस पावलं जाऊन लाकडं आणू? या पायांनी?"

"मी आणून देईन. रोज सकाळी. एका दिवसापुरती."

"रोज?"

"रोज."

"तू?" आक्काने विचारलं, आणि हसली. लहानपणी काकांनी कुठलंही काम सलग तीन दिवस केल्याची नोंद नव्हती. पण तिने लाकडं नेऊ दिली. भाचा येऊन सगळं बघून गेला, मोबाईलमधल्या यादीवर एकेक खूण करत त्याने घराला दोन चकरा मारल्या, आणि म्हणाला, "ठीक आहे मामा. राहू दे तिला."

त्या रात्री आक्का शांत झोपली असेल. काकांनाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगा.

मग सुरू झाली रोजची फेरी. उजाडताना उठायचं, उतार चढून आक्काच्या ढिगापाशी जायचं, घमेलं भरायचं, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायचं, "आक्का, ठेवलंय गं," अशी हाक मारायची आणि खाली कामाला पळायचं. पहिले काही आठवडे हे निभावलं. पण ऊन वाढायला लागलं तसं दव लवकर वाळायला लागलं. आधी दहापर्यंत काम करता यायचं, मग नऊपर्यंत, मग साडेआठला गवत कोरडं. यादीत अजून तीस-बत्तीस घरं. रोज कुणीतरी वाटेत अडवून "आमचं कधी?" विचारायचं. पाऊस संपल्यावर काकांनी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं तेव्हा हेच लोक बघू म्हणाले होते. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि खणणाऱ्यालाच दटावायचं. त्या दीड-दोन तासांतला अर्धा तास आक्काच्या घमेल्याला जायचा.

दोन दिवसांची लाकडं एकदम नेऊन टाकली असती तर निम्मी फेरी वाचली असती. काकांनी एकदा तसं केलंही. दुसऱ्या दिवशी बघतात तर आक्काने उरलेली लाकडं भिंतीला नीट रचून ठेवलेली, पूर्वीच्याच जागी. काका चिडले. "एका दिवसाचीच मिळतील," ते म्हणाले, आणि उरलेली परत घेऊन गेले. नियम म्हणजे नियम. दुसऱ्यांच्या घरी ज्यावरून भांडायचं ते बहिणीच्या घरी कसं चालू द्यायचं?

मग घमेलं कधी उजाडताना, कधी आठला, कधी नऊला पोचायला लागलं. आक्का तक्रार करायची नाही. आंघोळ उशिरा करायची.

एक दिवस काकांचं काम आक्काच्या घरासमोरच, रस्त्यापलीकडच्या जागेत होतं. आधी आक्काचं घमेलं आणि मग काम, असं करायच्या ऐवजी त्यांनी काम आधी उरकायचं ठरवलं. साडेआठला दव वाळलं. काकांनी मशीन बंद केलं, खांद्यावरून उतरवलं आणि बांधावर ठेवलं. आता रस्ता ओलांडायचा, ढिगापाशी जायचं, घमेलं भरायचं. दहा मिनिटांचं काम. काका मशीनशेजारी बांधावर बसले.

ते काही करत नव्हते. विडी ओढत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. हात थरथरत होते ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. त्यांना कंटाळा आला होता. गवताचा, घमेल्याचा, "आमचं कधी" विचारणाऱ्या तोंडांचा, आणि हो, आक्काचाही. गॅस आहे घरात, एक दिवस तापव ना त्यावर पाणी, असं त्यांच्या मनात आलं. उठू, जरा वेळाने उठू, असं म्हणत ते अर्धा तास तिथेच बसून राहिले. साठ वर्षांत बहिणीला टाळण्यासाठी ते पहिल्यांदाच कुठे बसले असतील.

मग उठले आणि रस्ता ओलांडून मागच्या बाजूला गेले. आक्का पट्ट्यावर आडवी पडली होती. ढिगापासून सात-आठ पावलांवर. तिथे कापलेल्या गवताचे बोटभर खुंट उभे होते आणि सावलीत ते अजून ओले होते. एका हातात तिने दोन लाकडं घट्ट धरली होती.

"पडले रे धाकट्या," ती म्हणाली, जणू काही तिचीच चूक झाली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आत सळई घातली, आणि दवाखान्यातून भाच्याने तिला थेट चौथ्या मजल्यावर नेलं. ती नको म्हणाली नाही. ताकदच नव्हती. काकांनी भाच्याला, बायकोला, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगितलं, "मशीन चालू करायची दोरी तुटली होती, ती गुंडाळत बसलो, म्हणून उशीर झाला." खरं म्हणजे कुणी विचारलंच नव्हतं. भाचा उलट त्यांचा हात धरून म्हणाला, "मामा, तू केलंस तेवढं सख्खा मुलगाही करत नाही. मी तरी कुठे केलं?" त्याने शिव्या घातल्या असत्या तर काकांना चाललं असतं.

त्यानंतर दोन महिने काकांनी आक्काशी बोलणं टाळलं. फोन करायचे, पण भाच्याला, तो ऑफिसात असताना. "कशी आहे?" "बरी आहे. चालत नाही अजून. तुझी आठवण काढते." "हो हो, बोलतो निवांत." निवांत काही झालं नाही. मात्र आक्काच्या घराचा पट्टा त्यांनी असा ठेवला की त्यावर गवताची काडी शोधून सापडू नये. दर चार दिवसांनी दाताळं घेऊन वर जायचे. नवी पानं पडली की पन्हळ साफ. लाकडांचा ढीग तर त्यांनी अजून दहा पावलं लांब नेला.

"राहायला कुणी नाही आणि अंगण मात्र लख्ख," बायको म्हणाली. "तुम्ही एकदा बोला हो त्यांच्याशी. किती दिवस झाडत बसणार?"

काकांनी दाताळं उचललं. बायकांना कळतं ते त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नसतो, पण मान्य करायचं म्हणजे पुढचं सगळं सांगावं लागतं.

आग आली ती ऐन उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमाराला. खालच्या नाल्यापाशी कुणीतरी बांध पेटवला होता आणि वारा खालून वर वाहत होता. अर्ध्या तासात धूर माथ्यापर्यंत आला. गावातली माणसं ओली पोती घेऊन धावली, काकाही गेले. ज्यांचे पट्टे मारून झाले होते त्यांच्याकडे माणसं ठेवायची गरज पडली नाही. ज्यांचे राहिले होते तिथे सगळे झोडपत होते. एक गोठा गेला आणि एका घराचं मागचं छप्पर. आक्काच्या घराकडे कुणीच गेलं नाही, कारण त्यात वाचवायला माणूस नव्हता.

संध्याकाळी सगळं निवल्यावर काका एकटे वर चढले. चेहरा काळा, भुवया अर्ध्या जळलेल्या, घसा बसलेला. आग तिन्ही बाजूंनी आली होती. पट्ट्याच्या कडेला येऊन थांबली होती, खायला काही मिळालं नाही तशी बाजूने निघून गेली होती. तीस पावलांपलीकडचा लाकडांचा ढीग जळून राख झाला होता. घराच्या भिंतीवर काजळीचा डागसुद्धा नव्हता. काका घराभोवती एक पूर्ण चक्कर मारून आले, दारावर हात ठेवला, तो थंड लागला. मग पायरीवर बसून त्यांनी फोन लावला. भाच्याने उचलला, बातमी ऐकली, आणि "थांब, तूच सांग तिला," म्हणून काका काही म्हणायच्या आधी फोन आईच्या हातात दिला.

"आक्का," काका म्हणाले. "घर वाचलं गं. काही झालं नाही. खिडकीची काचसुद्धा तडकली नाही."

"तू कसा आहेस?"

"मी बरा आहे."

"आवाज का असा?"

"धूर गेला घशात." पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. "आक्का, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी दोरीबिरी काही तुटली नव्हती. काम झालं होतं माझं. मी नुसता बसलो होतो. तुझी लाकडं आणायचा कंटाळा आला होता मला. म्हणून तू पडलीस."

काकांना वाटलं, आता ती रागवेल. लहानपणी खोटं बोलल्यावर रागवायची तशी रागवली तर बरं होईल, असंही त्यांना वाटलं.

"दोरी तुटली नव्हती ते मला माहीत आहे," आक्का म्हणाली. "कुंपण तूच तोडलंस ना? तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा बांध दिसतो मला. बसला होतास मान खाली घालून. किती वेळ बघत होते मी तुझ्याकडे. म्हटलं, दमलाय पोरगा, बसू दे. आज मीच आणते लाकडं."